अर्ध्या ओळीवर

“आजपासून प्रार्थना तू सांगायचीस,” बाई शिष्येला म्हणाल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नवऱ्याने ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ओढत त्यांच्या पायाशी आणून ठेवला. सिलिंडरला तो जावईबापू म्हणायचा. जाऊ तिथे त्याची आधी सोय बघावी लागे.

बाईंनी जन्मभर गाणं शिकवलं होतं. मुलांना एकच धाक, ओळ मध्ये तोडायची नाही. पुढे फुप्फुसांनी दगा दिला. हा आजार आता कायमचा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दर रविवारी या खोलीत चार लोक जमवून त्या प्रार्थना सांगायच्या, तिच्या जोरावरच बाई त्याच्याशी दोन हात करत होत्या. पण आता अर्ध्या ओळीवरच दम संपायचा. त्या थांबायच्या, नळीतून श्वास ओढायच्या, मग उरलेली ओळ. लोकही बिचारे थांबायचे. ती कीव बाईंना सोसत नव्हती.

“हेही सोडलंस तर घरी बसून कुढत राहशील,” नवरा कुजबुजला.

“राहीन. पण देवाला एकदाची अख्खी ओळ ऐकू दे.”

शिष्येने डोळे मिटून सुरुवात केली. आवाज खणखणीत, दम भरपूर. सगळी खोली तिच्याबरोबर गाऊ लागली. आणि अर्ध्या ओळीवर सगळी खोली एकदम गप्प झाली. शिष्या एकटीच शेवटपर्यंत गेली. तिचे कान लाल झाले.

“माझं काही चुकलं का?”

पुढच्या रांगेत एक शिंपी होता. कित्येक वर्षं डायलिसिसवर असलेला, एरवी मोजकंच बोलणारा. तो म्हणाला, “तुझं नाही गं चुकलं. पण तिथे बाई श्वास घेतात. तेवढ्यात आम्ही आपापलं मागणं मागून घेतो.”

“माझं तर आज राहूनच गेलं,” कोपऱ्यातून एक आजी पुटपुटल्या.

बाईंची मान ताठ झाली. इतकी वर्षं अख्ख्या ओळी गाऊन असा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

“चला पुढे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

शिष्येने हसत जागा दिली. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. अर्ध्या ओळीवर दम संपला. त्यांनी श्वास भरून घेतला, पुढचा शब्द ओठांवर आलाही. पण शिंप्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, म्हणून बाई थांबून राहिल्या.