दहा किलो

धम्मानंदनं दहा किलो वजन उतरवलं, की त्याची मोठी बहीण सरिता जगणार होती. तिला द्यायला यकृत त्याचंच जुळत होतं. पण त्यावरची चरबी आधी घटवा, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं. त्याच्या बायकोनं, दीप्तीनं, संमतीची सही हसत केली आणि त्याचं पथ्याचं जेवण स्वतःच्या हाती घेतलं. साऱ्या नात्यागोत्यात तिचं नाव झालं.

तो रोज पहाटे अख्खं मनीषनगर पालथं घालायचा. काटा ढिम्म.

"चोरून सावजी हाणून राहिला का गा?" सरिता दवाखान्यातून फोनवर चिडवायची.

"नाही वं ताई! दीप्ती वाढते तेवढंच खातो. तुही शप्पथ."

सहा महिन्यांत त्याचे बूट झिजले आणि सरिता झिजली. दिवाळीआधी ती गेली.

पुण्यानुमोदनाचे पाहुणे पांगले, तसं दीप्तीनं स्वयंपाकघराचं दार लोटून खाप्याला माहेरी आईला फोन लावला.



"आई, वरणात गुपचूप जिरवायले तूप नको धाडू आता. ह्यांचं वजन उतरलं तरी चालते."