वज्ररावाचं कोर्टाचं पान

भागोजीने पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि धडाधड वाचायला सुरुवात केली. भागोजीला वाचता येत नव्हतं.

"हा बघा, कोर्टात उभा हाय," तो म्हणाला. "आणि जज्जसाहेब उठून सांगतायत, ह्या माणसाला आधी खुर्ची द्या."

देवदत्त मास्तरांचा चहाचा कप हातातच राहिला. चित्र त्यांचंच होतं आणि मजकूरही त्यांचाच. त्या चित्रात न्यायाधीश खुर्चीत रेलून जांभई देत होते आणि वकील विचारत होता, 'सगळे बुडत होते, मग तुम्हीच कसे तरंगत होतात?' ह्या एका वाक्यावर अख्खी रत्नागिरी आठवडाभर हसली होती.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. गेली चार वर्षं गावातल्या साप्ताहिकात दर शनिवारी त्यांचा वज्रराव यायचा. खांद्यावर लाल पंचा बांधून उडणारा, अंगात शंभर हत्तींचं बळ असलेला वज्रराव. तो घाटात लटकलेली एसटी एका हाताने उचलायचा आणि मग महिनाभर कंबर शेकत बसायचा. आगीतून म्हातारीला काढायला छपरातून घुसायचा, की घरमालक फुटलेली कौलं भरून मागायचा. जग वाचवण्यात सकाळ गेली म्हणून ऑफिसात त्याची अर्धी रजा मांडायचे. लोक म्हणत, मास्तरांचं डोकं अचाट आहे. मास्तरही नको म्हणत नसत.

डोकं मास्तरांचं खरं, पण नशीब भागोजीचं होतं. अठ्ठ्याण्णव साली खाडीत होडी उलटली, तेव्हा ह्या भागोजीने एकट्याने सात माणसं बाहेर काढली. शाल मिळाली, नारळ मिळाला. मग त्या पाण्याने डाव्या कानाचा पडदा गेला, तो कायमचाच. साक्षीला म्हणून तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्या गैरहजेरीपायी ट्रॉलरवरचं काम गेलं. वाचलेल्या सातांपैकी एकानेही त्याला पुढे बाजारात ओळख दिली नाही. हे सगळं तो जेटीवर जाळी शिवता शिवता सांगायचा आणि शेजारी बसून मास्तर वहीत उतरवून घ्यायचे. तुमच्यावरच काढतोय हो, हेही त्यांनी त्याच्या कानावर घातलं होतं, आणि शनिवारचा अंक न चुकता त्याच्या घरी टाकायचे. एवढं केलं की त्यांना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटायचं.

अंक वाचून दाखवायची ती त्याची बायको, मथुरा. चौथी शिकलेली. आत्ता ती दारात उभी होती आणि मास्तरांकडे अशी बघत होती की त्यांना सगळं कळून चुकलं. चार वर्षं, दर शनिवारी, ती नवऱ्याला खोटं वाचून दाखवत आली होती.

"कोर्टात तसा काय झाला नव्हता," भागोजी म्हणाला. "तुम्हाला म्हायतीच हाय. पण तुम्ही लिवलात तसा व्हायला हवा होता. मला फार बरा वाटला."

उद्या संध्याकाळी वज्ररावाच्या ह्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पत्रिकेवर छापून झालं होतं, 'प्रत्यक्ष वज्रराव आपल्या भेटीला.' भागोजीला लाल पंचा बांधून व्यासपीठावर बसवायचं आणि शाळेतल्या दोघा शिक्षकांनी आवाज काढून निवडक पानं वाचायची. त्यात हे कोर्टाचं पान पहिलं. ह्या पानावर सभागृह डोक्यावर घेतील लोक, असं ते कालच बायकोला म्हणाले होते. त्या प्रकाशनाचंच आमंत्रण द्यायला ते आज भागोजीच्या घरी आले होते. नवा कोरा पंचा पिशवीतून डोकावत होता. भागोजीचा दुसरा कान शाबूत आहे, हे मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बायकोच्या तोंडून नेहमीच ऐकतो, आज तुमच्या तोंडून ऐकू दे, असं म्हणून भागोजीने पुस्तक पुढे केलं आणि उजवा कान त्यांच्याकडे करून बसला.

मथुरेने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. स्वतःच लिहिलेली ओळ समोर होती आणि ती तोंडातून फुटेना. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या ओळीची लाज वाटली.

"न्यायाधीश उठून उभे राहिले," मास्तर वाचू लागले. "म्हणाले, ह्या माणसाला आधी खुर्ची द्या. सात घरांत आज दिवा लागतो तो ह्याच्यामुळे. मग वकीलही उठले. सगळं कोर्ट उठलं."

मथुरेने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांना वाटलं, सुटलो. उद्याचं काहीतरी निमित्त सांगू आणि ह्याला घरीच राहू देऊ. पत्रिकेचं काय करायचं ते बघता येईल. त्यांनी पायानेच पिशवी हळूच खाटेखाली सरकवली.

भागोजी चित्राकडे बघत राहिला. खुर्चीत रेललेल्या न्यायाधीशावरून, त्याच्या आ वासलेल्या तोंडावरून त्याने सावकाश बोट फिरवलं.

"शनिवार झाला, की बंदरावर पोरां मला बघून हसतात," तो म्हणाला. "कान एक गेला, मास्तर. डोळे दोन्ही हायत."

मथुरा दारातच मटकन खाली बसली. मास्तरांना मान वर करवेना. भागोजीने पुस्तक मिटलं, खाटेखालची पिशवी ओढून लाल पंचा बाहेर काढला आणि झटकून खांद्यावर टाकला.

"उद्या येतो मी," तो म्हणाला. "फक्त तिथं पण असाच वाचा."