खोतांचं खळं

सकाळचं ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं, तरी मथुरा आपल्याच घरापुढच्या खळ्यात बसून होती. एरवी तुळशीच्या लग्नाआधीच्या या दिवशी ती आणि तिचा नवरा शिवा उजाडायच्या आत खोतांच्या घरी पोचलेली असत. पावसाने उखडलेलं त्यांचं भलंमोठं खळं खणायचं, माती चोपून सपाट करायची, शेणाने सारवायचं. हा मान शिवाच्या घराण्याचा. मानाला मजुरी नसते. आणि खोतांचं झाल्याशिवाय आपल्या खळ्याला हात लावायचा नसतो.

हे सगळं तिने नव्या सुनेला समजावून सांगितलं होतं. अक्षया दोडामार्गची. तिने नीट ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "आणि नाय गेलंव तर?"

मथुराने शिवाला विचारलं. तो म्हणाला, बापाने कधी सांगितलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या भिकाजीला विचारलं. त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. न गेलेला माणूस त्याच्या पाहण्यात नव्हता. मथुराची सासू तापाने फणफणत असताना गेली होती. मथुरा स्वतः ओली बाळंतीण असताना गेली होती. कशाला भिऊन, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. चुलीपुढे तोच, विहिरीवर तोच. शेवटी तिने ठरवलं, बघूया तरी.

शिवाला मात्र बसवत नव्हतं. तो उठे, फाटकापर्यंत जाई, परत येई. देवळात आता आपल्याला कोण उभं करणार, असं पुटपुटे. सुनेने दिलेला चहा तसाच निवला.

ऊन चढल्यावर खोतांचा मुलगा समर्थ स्कूटरवरून आला. घरातल्या खोल्या तो पर्यटकांना देत असे, आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते. तो फाटकाबाहेरच थांबला. शिवा चटकन उभा राहिला. मथुरा बसूनच राहिली. तिला समर्थचं तोंड नीट बघायचं होतं.

"गो मथुरा, आज कोण येवक नाय?"

"नाय, बाबानू. ह्या वर्सापासून आमी येवचव नाय."

समर्थने शिवाकडे पाहिलं, मग अक्षयाकडे. अशा वेळी काय म्हणायचं असतं, हे त्यालाही कोणी सांगितलं नसावं. शेवटी त्याला सुचलं. विहिरीची वाट आमच्या बागेतून जाते, ती उद्यापासून बंद, असं तो म्हणाला.

मथुराला दुसरी वाट ठाऊक होती. वाहत्या व्हाळाच्या कडेने जाणारी, लांबची, चढणीची. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तिथून येताना गुडघे बोलणार होते. ती सगळी वाट तिने मनातल्या मनात चालून पाहिली. मग ती उठली, फाटकाजवळ गेली आणि तो आणखी काय सांगतो, याची वाट बघत उभी राहिली.

समर्थने स्कूटर वळवली.

"इतक्याच?" तिने विचारलं.