समोरची मिसळ

शालीमारजवळच्या गल्लीत पुंजारामाचे मिसळीचे एकुलते एक दुकान बंद पडावयास आले होते. सारी गर्दी पलीकडे, जेथे ओळीने चार दुकाने होती तेथे. अखेर त्याने समोरचाच गाळा घेऊन तेथे पत्नीस, सुमनबाईस, बसविले. रस्सा दोन्हीकडे सुमनबाईच्याच पातेल्यातला. परंतु गिऱ्हाईक दिसताच उभयता हाडवैऱ्यांप्रमाणे परस्परांचा उद्धार करीत. निवाडा करावयास लोक दोन्हीकडे मिसळ खाऊ लागले.

एके सकाळी एक गृहस्थ मिशा पुशीत सुमनबाईस म्हणाले, "राग मानू नका बाई, पण समोरच्याच्या हाताची चव तुमच्या हाताला नाही."

"त्याच्या हाताची?" सुमनबाई कडाडली. "अहो, त्या मेल्याला साधं पाणी उकळता येत नाही!"

आज ती प्रथमच मनापासून भांडत आहे, हे पुंजारामाने तत्काळ ओळखले. दहाच्या आत दोन्ही दुकानांतले पाव संपले.