जुनी उशी

सुतारकाकांनी दुपारी परसातला पाचोळा पेटवला. बायको भांडी घासतेय असं बघून तिची कळकट जुनी उशीपण हळूच आगीत ढकलली. घरात नवी उशी होती, पण बाईंना हीच लागायची.

"अगं, तुझं लग्न माझ्याशी झालंय की उशीशी?" असं काका चिडवायचे.

"हात तर लावून बघा तिला!" बाई म्हणायच्या.

कापूस नीट धुमसायला लागला तसे काका बोलणी खायच्या तयारीनं घरात आले.

भांडी आवरून बाई पलंगावर गाढ झोपल्या होत्या. डोकं गादीपासून वीतभर वर, आणि खाली काहीच नाही.

"अगं... ऊठ बघू," काका दारातूनच म्हणाले.

डोळे न उघडताच बाई पुटपुटल्या, "आज उशी किती तापलीय हो," आणि कूस बदलून त्यांनी त्या मोकळ्या जागेत गाल आणखी रुतवला.