बोटांखालच्या अक्षता

तळहाताकडे वळलेली माझी बोटं जो भेटेल तो ओढून पाहतो. आधी करंगळी वाकली, यंदा शेजारचं बोटही. पुस्तक धरलं तरी ठणका लागतो. "तेल चोळा, आबा!" लोक सांगतात, माझंच चुकत असेल म्हणून मी चोळतोही.

नातीच्या लग्नात निदान अक्षता तरी नीट टाकायच्या होत्या. मंगलाष्टकं संपली, तरी त्या वाकड्या बोटांखालीच अडकलेल्या. "अहो, टाका ना!" बायको म्हणाली. टाकतोय, पण सुटतायत कुठे! वैतागून हात झटकला, तर दोन दाणे माझ्याच पायांवर पडले, बाकीचे बोटांखालीच राहिले.

निघताना नात पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि करंगळी गजऱ्यात अडकली. बायकोने माझं मनगट धरलं, विहीणबाईंनी करंगळीच ओढली. मी कळवळलो. फोटोग्राफर ओरडला, "आजोबा, सोडा की आता!"

"कुणी ओढू नका," नात वाकलेलीच म्हणाली. "आबा, राहू द्या हात. मला घाई नाही."

मग कुणीच ओढलं नाही. हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला, आणि बोटांखालच्या अक्षता एकेक करत तिच्या केसांत उतरल्या.