राक्षसराजाची गिरणी

माझ्या कादंबरीतील राक्षसराज विक्राळसेनाने सात नगरे भस्मसात केली, तरी माझ्या पिठाच्या गिरणीत दळणासाठी थांबलेल्या श्रोत्यांच्या मुखावर भयाची रेषाही उमटली नाही.

"भाऊ, नगरं कोण जाळतंय हल्ली?" कौसाबाई जांभई देत म्हणाल्या. "रोजच्या बघण्यातलं काही घाला की."

मी आठवडाभर गहन चिंतन केले. नव्या प्रकरणात विक्राळसेन राजगिरणी चालवू लागला. प्रत्येक प्रजाजनाच्या दळणातील मूठभर पीठ तो गिरणीच्या कापडी नळीत गुपचूप अडकवून ठेवी, आणि कोणी विचारलेच, तर "दळताना घट येतेच, ताई," असे मधुर स्वरात सांगे.

वाचन संपले. बाकावर कोणी हलेना.

"हा मात्र खरा वाटतो!" कौसाबाई उद्गारल्या. "अगदी डोळ्यांपुढं उभा राहिला मेला!"

बारा वर्षांची साहित्यसाधना आज फळास आली होती. कृतार्थ अंतःकरणाने मी त्यांचा पिठाचा डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आधी ती नळी झटका, राक्षसराज."

मी झटकली. मूठभर पीठ डब्यात पडले.

"हं," बाकावरून आवाज आला, "आता नायक येऊ द्या."